तिरपे ऊन

आम्ही आयर्लंडला गेलो ते दगड पाहावयास गेलो नव्हतो. लेकीच्या बाळंतपणास गेलो होतो. २०२३ च्या ऑगस्टात डब्लिन येथे नात जन्मली, बाराव्या दिवशी यथासांग बारसे झाले, आणि त्यानंतर त्या घरात आम्हांस काही काम उरले नाही. बाळंतशोपा, डिंकाचे लाडू, बाळाचे तेल, ही सारी खाती सौभाग्यवतीच्या ताब्यात. धुरीचे खातेही तिचेच होते, परंतु पहिल्याच दिवशी छतावरील धोक्याचा भोंगा वाजून शेजारपाजार धावून आला, तेव्हापासून ते बंद पडले. निरुपयोगी पुरुष घरात नुसता बसून राहिला की बायकांना त्याची अडचण होते, हे जावयांच्या लवकरच ध्यानी आले. ते दर रविवारी आम्हांस मोटारीत घालून कोठे ना कोठे नेऊ लागले. खांद्यास आमचा कॅमेरा असेच.

छायाचित्रांचा नाद आम्हांस विसाव्या वर्षापासूनचा. पहिला कॅमेरा ‘आग्फा क्लिक थ्री’. एका फिल्मवर बाराच चित्रे निघत, त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी चार वेळा विचार करण्याची सवय जडली, ती पुढे हाती नवा अंकीय कॅमेरा आल्यावरही सुटली नाही. चाळीस-बेचाळीस वर्षे आम्ही आपल्या देवस्थानच्या जत्रेची, पालखीची, शिगम्याची चित्रे काढीत आलो आहो. पालखी कोणासाठी थांबत नाही. दिवट्यांच्या उजेडात, गर्दीचे धक्के खात, एका क्षणात जे साधेल ते साधावे लागते. त्या मानाने दगडाचे चित्र काढणे म्हणजे पोरखेळ, असा आमचा समज होता. दगड बापडा कोठे पळून जाणार?

दगड पळत नाही हे खरे. त्याच्यावरचा उजेड मात्र पळतो. आयर्लंडचे आकाश पश्चिमेच्या महासागरावरून येणाऱ्या ढगांची धर्मशाळा आहे. एका घटकेत पाऊस, ऊन, धुके आणि पुन्हा पाऊस असा सगळा ऋतुसंहार उरकतो. भिंगावरचे थेंब टिपावयास आम्ही घरून नेलेला पंचा नेहमी गळ्यात ठेवीत असू, आणि तो पाहून तेथील माणसांस आम्ही कोणी धर्मगुरू आहो असे वाटे.

पण उजेडाचा खरा धडा निराळाच होता. दगडावर कोरलेले काम फार उथळ असते, त्यातून हजार वर्षांच्या पावसाने ते झिजलेले. ऊन समोरून किंवा डोक्यावरून पडले तर दगड कोरा दिसतो. तेच ऊन कडेने, दगडाच्या अंगाला जवळजवळ घासून गेले, की प्रत्येक खाचेच्या एका काठावर उजेड व दुसऱ्या काठावर सावली उभी राहते, आणि काल नव्हते ते अक्षर आज दिसू लागते. आमच्या गोव्यात भर पौषातही माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांवर चढलेला असतो. तिरपे ऊन हवे तर सकाळी उठावे नाहीतर संध्याकाळची वाट पाहावी. आयर्लंडात मार्गशीर्षाच्या सुमारास तो दुपारी बारालाही तेरा-चौदा अंशांच्या वर येत नाही. सारा दिवस म्हणजे एक लांबलेली संध्याकाळ. माणसाला हे उदास करणारे असेल. दगडाला बोलते करणारे आहे.

हे ज्यांना पाच हजार वर्षांपूर्वी कळले होते त्यांचे काम आम्ही पहिल्या खेपेस पाहिले. डब्लिनच्या उत्तरेस, मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या काठी न्यूग्रेंज नावाची प्रचंड समाधी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० साली, म्हणजे मिसर देशातील मोठ्या पिरॅमिडाच्याही आधी, लोखंडाचा गंध नसलेल्या शेतकऱ्यांनी ती रचली. तळाभोवती सत्त्याण्णव धोंड्यांचे कडे. प्रवेशापाशी आडवी पडलेली एक शिळा, तिच्यावर एकात एक फिरणारी वलये. एकोणीस मीटर लांबीच्या अरुंद वाटेने, कोठे खांदे आखडीत तर कोठे मान लववीत, आत जावे तेव्हा गाभाऱ्यात पोचतो. वर दगडावर दगड थोडा थोडा पुढे सारून मिटवीत नेलेले छत. एवढ्या शतकांत त्यातून पाणी गळलेले नाही. दाराच्या वर एक छोटा झरोका आहे. डिसेंबराच्या २१ तारखेच्या आसपास, वर्षातील सर्वांत लहान दिवशी, सूर्य उगवला की त्याचा एक किरण त्या झरोक्यातून शिरून वाट चालत थेट गाभाऱ्यात येतो व सुमारे सतरा मिनिटे राहतो. उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओ’केली यांनी आसपासच्या लोकांच्या तोंडची जुनी आख्यायिका ऐकून १९६७ साली त्या पहाटे आत एकट्याने वाट पाहिली, आणि ती खरी निघाली. आपण उत्तरायण संक्रांतीला धरतो. सूर्य खरोखर वळतो तो तीन आठवडे आधी, हे त्या शेतकऱ्यांनी दगडात लिहून ठेवले आहे.

आत छायाचित्र काढण्यास मनाई आहे. मार्गदर्शिकेने हे सांगितले तेव्हा बरोबरच्या काही प्रवाशांचा विरस झाला. आम्हांस मात्र घरच्यासारखे वाटले. आमच्याही गर्भकुडीचे चित्र कोणी काढू देत नाही, आणि ज्याचे चित्र काढता येत नाही ते अधिक लक्ष देऊन पाहिले जाते, हा आमचा अनुभव आहे. तिने विजेचे दिवे मालविले. मग एका दिव्याने त्या सूर्यकिरणाची नक्कल करून दाखविली. नक्कलच ती, तरी ती पिवळी रेघ पायांपाशी सरकत आली तेव्हा कोणी बोलले नाही.

नोव्हेंबरात नात तीन महिन्यांची झाली, आणि लेकीलाही घराबाहेर पडावेसे वाटू लागले. जावयांनी चार दिवसांची रजा काढली. आम्ही पाचही जण, बाळाच्या दुपट्यांच्या गाठोड्यासह, पश्चिमेकडे निघालो.

शॅनन नदीकाठच्या क्लोनमॅकनॉइसला आमची फजिती झाली. सहाव्या शतकात संत कियारान यांनी तेथे मठ स्थापिला. पुढे तो विद्येचे मोठे पीठ झाला. आज उरली आहेत छपरे गेलेली देवळे, गोल मनोरे आणि थडग्यांची दाटी. मधोमध चार मीटर उंचीचा एक दगडी क्रूस, अंगभर बायबलातील प्रसंग कोरलेला. त्याच्याभोवती आम्ही भर थंडीत तासभर प्रदक्षिणा घातल्या, ढग सरकण्याची वाट पाहिली, आणि मनासारखी सात चित्रे घेतली. मग कोठे ऊब मिळावी म्हणून शेजारच्या संग्रहालयात शिरलो, तो तोच क्रूस आत उभा! अस्सल तो आतला. पावसाने झिजू नये म्हणून त्याला १९९० नंतरच्या काळात छपराखाली आणले आणि बाहेर प्रतिकृती उभी केली. जावई ओशाळले. सौभाग्यवती म्हणाली की यात वाईट वाटण्यासारखे काय आहे, मूळ मूर्ती आत आणि उत्सवमूर्ती बाहेर, ऊनपाऊस सोसते ती उत्सवमूर्तीच. आमच्या डोक्यात हे का आले नाही याचेच आम्हांस नवल वाटले.

१५५२ साली अ‍ॅथलोनच्या इंग्रज शिबंदीने हा मठ लुटला. घंटा, मूर्ती, ग्रंथ, खिडक्यांच्या काचासुद्धा त्यांनी ठेविल्या नाहीत. साष्टीतील आमची देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली, आणि देव रातोरात नदी ओलांडून अंत्रुजात आले. एकाच शतकातली ही गोष्ट. आयरिश लोकांना देव हलविता आले नाहीत; पुढे देवळे बंद झाली तेव्हा ते माळावरच्या एखाद्या धोंड्यालाच वेदी मानून गुपचूप उपासना करीत राहिले. असे धोंडे अजून दाखवितात.

तेथून आम्ही क्लेअर परगण्यातील बरेन या मुलखात गेलो. बरेन म्हणजे खडकाळ जागा. मैलोगणती चुनखडीचा करडा कातळ, त्याला पडलेल्या उभ्या भेगा, आणि भेगांतून डोके काढणारी नेचे व गवत. त्या कातळावर पोलनब्रोन नावाचे दगडी घर आहे: कडेला उभ्या फरशा आणि त्यांच्यावर तिरकी टेकलेली एक मोठी पातळ शिळा. या नावाचा अर्थ पंडितांच्या मते ‘जात्याचा खळगा’. पण ‘ब्रोन’ म्हणजे दुःख असाही एक शब्द त्या भाषेत असल्याने प्रवासी लोकांस ‘दुःखाचा खळगा’ हाच अर्थ अधिक पसंत पडतो. छायाचित्रकारांचे हे दैवतच. त्या दिवशीही चार तिवया रांगेने लागल्या होत्या. आम्ही पाचवी लाविली.

आम्ही उजेडाची वाट पाहत होतो तोवर लेक आपल्या फोनवरून वाचून दाखवीत होती. १९८५ साली एका उभ्या फरशीला तडा गेलेला आढळला. ती बदलताना खोदकाम झाले, आणि निदान तेहतीस माणसांच्या अस्थी मिळाल्या, इसवी सनापूर्वी ३८०० ते ३२०० या दरम्यानच्या. त्यांत बायका होत्या, पुरुष होते, मुलेही होती. २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी त्या अस्थींतील जनुके तपासली, तेव्हा त्यांतील एक बाळ, सहा महिन्यांचा मुलगा, डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेला होता असे आढळले. त्याला आईचे दूध मिळत होते, हेही हाडांवरून कळले. पुढे, हे घर बांधून दोन हजार वर्षे होऊन गेल्यावर, कोणी एक नवजात अर्भक त्याच्या दाराशी आणून पुरले होते.

लेक वाचीत असता सौभाग्यवतीने बाळाला तिच्याजवळून घेतले आणि ती मोटारीत जाऊन बसली. आम्हांस वाटले, वारा झोंबत होता म्हणून. मग ऊन आले, आणि आमचे लक्ष भिंगाकडे लागले.

तिसऱ्या दिवशी आम्ही केरीत पोचलो. आमच्या फोंड्यातही केरी आहे, हे जावयांना सांगून आम्ही त्यांस दोनदा हसविले. तिसऱ्यांदा ते हसले नाहीत. केरी परगण्याची डिंगल नावाची एक जीभ महासागरात शिरली आहे, आणि तिच्यावर जुन्या दगडांची गर्दी आहे. गॅलरस येथील उपासनागृह पालथ्या होडीसारखे दिसते. चुन्याचा कण न वापरता नुसते दगडावर दगड बसविले आहेत. जवळच किल्मलकेदार येथे बाराव्या शतकातील देऊळ आहे, आणि त्याच्या आवारात एक उंच शिळा. तिच्या शेंड्यापाशी आरपार भोक. या शिळेवर ओघम लिपी आहे. ही लिपी दगडाच्या तोंडावर लिहीत नाहीत, धारेवर लिहितात: धारेच्या या बाजूस दोन रेघा, त्या बाजूस तीन, धार छेदून जाणाऱ्या चार, अशा खुणांची अक्षरे, आणि ती खालून वर वाचावयाची. बहुतेक लेखांत एवढेच असते की अमक्याचा पुत्र तमका. वीरगळावर निदान घोडा असतो, पडलेला वीर असतो, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा असतात. येथे नाव आणि बापाचे नाव, संपले. किल्मलकेदारच्या शिळेवर ब्रोकानच्या पुत्राचे, मैल इनबिर याचे नाव आहे.

ते आम्हांस दिसेना. आभाळ भरलेले, शेवाळ चढलेले, आणि दगडावर खडू घासून अक्षरे उठविणे हा तेथे अपराध आहे, तो योग्यच. शेवटी जावयांनी हातदिवा काढला व धारेला लावून आडवा धरला. लागलीच रेघा उभ्या राहिल्या. गेली हजारावर वर्षे तेथे उभा असलेला तो माणूस क्षणभर दिसला. दिवा सरळ केला की तो नाहीसा होई. हा खेळ आम्ही पुष्कळ वेळ खेळलो, आणि आपण या कामात आता तरबेज झालो असे आम्हांस वाटले. दुसऱ्या दिवशी जे घडले ते या आत्मविश्वासातूनच घडले, म्हणून हे सांगितले.

परतीच्या वाटेवर, रस्त्यापासून थोडे आत, एका शेतात देवळाची एक पडकी भिंत दिसली. तीत एकच अरुंद, टोकदार खिडकी उरली होती, आणि खिडकीतून डोंगर दिसत होता. तिचे नाव कोणत्याही पुस्तकात नव्हते. जावयांनी जवळच्या घरी जाऊन विचारले. एका वृद्ध शेतकऱ्याने, खुशाल जा, फाटक मात्र लावून घ्या, असे सांगितले. आम्ही पुढे होऊन तिवई लाविली. खालून चित्र घ्यावे, पुढे गवत, मागे खिडकी, अशी योजना होती. गवतात लहानमोठे धोंडे विखुरले होते. त्यांतील एक, नारळाएवढा, पांढरट, नेमका चौकटीच्या कोपऱ्यात येत होता. डोळ्याला खुपत होता. आम्ही वाकून तो उचलला आणि चार हात पलीकडे ठेविला.

मागून हाक आली. तो शेतकरी काठी टेकीत येत होता. वय ऐंशीच्या पलीकडचे असावे. तो रागावला नाही; त्याने रागवावयास हवे होते. तो एवढेच म्हणाला की तो धोंडा होता तसा परत ठेवाल तर बरे होईल, ते कोणाचे तरी मूल आहे.

आम्हांस वाटले, त्याचे उच्चार आम्हांस नीट कळले नाहीत. कळले होते. त्या जागेला तिकडे ‘किलीन’ म्हणतात. रोमन कॅथलिक धर्मात बाप्तिस्मा होण्यापूर्वीच जे मूल दगावे त्याला पवित्र भूमीत जागा मिळत नसे. ते स्वर्गातही नाही आणि नरकातही नाही, मधल्याच एका सीमेवर राहते, अशी समजूत होती, आणि भूमीवरही त्याला सीमेवरचीच जागा मिळे: पडलेले देऊळ, जुनी गढी, दोन गावांमधील बांध, समुद्राचा काठ. रात्री किंवा पहाटेपूर्वी बाप एकटा, फार तर एका सोबत्यास घेऊन, लहानशी पेटी नेई. आई जात नसे. वर नाव नसे, क्रूस नसे. शेतातला एखादा धोंडा, कधी पांढरी गारगोटी. ही चाल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. अशा हजारावर जागांची त्या देशात नोंद झालेली आहे. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांनी लिहिले की अशा बालकांच्या उद्धाराची आशा बाळगण्यास आधार आहे. आणि अलीकडे कित्येक ठिकाणी धर्मगुरूंनी येऊन प्रार्थना केल्या, फलक लाविले. या शेतात फलक नव्हता.

शेतकऱ्याने काठीने एका बाजूस दाखविले. त्याचा थोरला भाऊ तेथे होता. त्याच्या जन्माआधीचा. वडिलांनी त्याला रात्री आणले. आईला जागा कधी सांगितली नाही, मात्र या शेताच्या बाजूस तोंड करून ती रोज थोडा वेळ उभी राहत असे, तेव्हा तिला ठाऊक असावे. हे त्याने हवापाणी सांगावे तसे सांगितले.

आम्ही तो धोंडा परत आणला. जेथून उचलला तेथे ओली, पिवळी पडलेली गवताची खळी होती, म्हणून जागा सापडली. आणखी तासभर गेला असता तर सापडली नसती. कोणते अंग खाली होते ते मातीवरून पाहून तसाच बसविला. हात थरथरत होते. एवढ्यात पश्चिमेकडे ढगांचा पडदा थोडा वर उचलला गेला आणि समुद्रावरून ऊन आले, अगदी जमिनीलगत, आडवे. गवतात इतका वेळ नुसते विखुरलेले वाटत होते त्या धोंड्यांना प्रत्येकी एक लांब सावली फुटली. ते विखुरलेले नव्हते. ओळींत होते. आम्ही मोजू लागलो आणि चाळिसाच्या पुढे थांबलो.

सौभाग्यवती बाळाला दुपट्यात गुंडाळून फाटकाशी उभी होती. शेतकऱ्याचे बोलणे तिने ऐकले होते. इंग्रजी तिला बेताचे येते, पण ऐकले होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा तिने आमच्याकडे पाहिले नाही. शेताकडे पाहत म्हणाली, “आमचें खंय?”

घरात आमची बोली कोकणी. हे दोन शब्द एकेचाळीस वर्षांनी आले.

१९८२ साली आम्हांस पहिली मुलगी झाली. ती आठव्या दिवशी गेली. बारसे व्हावयाचे होते, म्हणून तिला नाव नव्हते. बारशासाठी आम्ही फोंड्याहून नवी फिल्म आणून ठेविली होती. आधी काढून तिला दृष्ट लागेल असे घरातील वडील मंडळी म्हणाली, आणि बाराच चित्रे निघत असल्याने आम्हांसही ते पटले. तिचे एकही चित्र नाही. ती फिल्म पुढे जत्रेस वापरली. दात न आलेल्या मुलाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत, भूमीत ठेवितात. आम्ही आणि थोरले काका उजाडण्यापूर्वी तिला घेऊन गेलो. परत आल्यावर काकांनी सांगितले, आता याविषयी बोलावयाचे नाही, आईला जागा कळली की तिचे मन तेथेच राहते. आम्ही बोललो नाही. तिने विचारले नाही. दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली. आज तिच्याच लेकराला दुपट्यात घेऊन सौभाग्यवती फाटकाशी उभी होती.

आमचा धर्म कोणाला सीमेवर ठेवीत नाही, असे आम्ही त्याच सहलीत जावयांना मोटारीत मोठ्या ऐटीने सांगितले होते. जागा कोणती ते मात्र आम्ही एकेचाळीस वर्षे सांगितले नव्हते. शास्त्रात तसे कोठे लिहिलेले नाही, ते आमचेच.

आम्ही सांगितले. देवळाच्या तळीपलीकडे, कुळागर संपते तेथे, फणसाखाली. वर एक चिरा ठेविला आहे. ती ‘बरें’ म्हणाली, आणि बाळाला थंडी वाजेल म्हणून मोटारीत जाऊन बसली. डब्लिन येईपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. त्या खिडकीचे चित्र आमच्यापाशी नाही. तिवई तशीच उचलून आणली होती.

जानेवारीत आम्ही घरी परतलो. मधल्या काळात काका गेले, कुळागराची वाटणी झाली, कडेने डांबरी रस्ता आला. ती वाट आम्ही इतकी वर्षे टाळीत आलो होतो. फणस उभा असेल की नाही हेही आम्हांस ठाऊक नव्हते. एका दुपारी आम्ही उभयतां निघालो. तिने परडीत अबोली घेतली होती. आम्ही कॅमेरा घेतला होता, का घेतला ते न ठरविता.

फणस होता. पालापाचोळा हाताने सारून पाहिला तो खाली चिरे तीन निघाले. शेवाळलेले, अर्धे मातीत गेलेले, तिन्ही सारखे. आम्ही एकच ठेविला होता. त्या पहाटे अंधारात आणखी दोन तेथे होते की काय, की मागाहून दुसरे कोणी आपले घेऊन आले, ते आता सांगावयास कोणी नाही. यांतील कोणता, हे आम्हांस सांगता येईना. तिने थोडा वेळ पाहिले, आणि मग अबोलीचे तीन वाटे करून तिन्ही चिऱ्यांवर ठेविले.

आम्ही कॅमेरा बाहेर काढला. फणसाच्या शेंड्यावरून ऊन सरळ खाली पडत होते. चिरे सपाट, लाल, कोरे दिसत होते. तिने वर पाहिले आणि विचारले, येथे ऊन तिरपे केव्हा होते? पश्चिमेला शेत उघडे होते, तेव्हा आम्ही म्हटले, पाचाच्या पुढे. अडीच वाजले होते. ती पदर आवरून चिऱ्यांपाशी खाली बसली, आणि आम्हीही बसलो.